मेइत्साय खोउरोउ: वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यावरचं हक्का पोर्क

हक्का नूडल्सची गाडी आपल्याकडे तालुक्याच्या गावीही उभी असते. पण हक्का हे मसाल्याचं नाव नाही, चीनमधल्या एका समाजाचं नाव आहे. शब्दाचा अर्थ 'पाहुणी कुटुंबं'. उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने दक्षिणेत आलेले हे लोक ग्वांगदोंग, फूज्यान आणि ज्यांगशी प्रांतांच्या डोंगराळ भागात स्थिरावले. त्यांतलीच काही कुटुंबं कोलकात्याला येऊन चामड्याच्या धंद्यात उतरली आणि तिथून नूडल्सना हे नाव चिकटलं. हक्का घरात सणासुदीला मात्र नूडल्स मिरवत नाहीत. तिथे मान असतो मिठात भाजलेल्या कोंबडीला, सारण भरलेल्या टोफूला आणि तिसरं म्हणजे मेइत्साय खोउरोउला. कँटनीज लोक यालाच मुई-चॉय खाउ-युक म्हणतात.

मेइत्साय म्हणजे खारवून वाळवलेला मोहरीचा पाला. 'रोउ' म्हणजे मांस आणि 'खोउ' म्हणजे वाडगा उपडा घालणं. वाडग्यात तळाशी मांसाचे काप, वर पाला, दोन तास वाफ आणि शेवटी वाडगा ताटलीत उपडा, एवढीच या पदार्थाची रचना. पहिल्यांदा करणारे सगळं लक्ष पोर्कवर देतात आणि पाला पाकिटातून काढून तसाच वर टाकतात. खरं तर पोर्क इथे चरबी पुरवायला आहे, चव पाल्याची आहे. कोरडा पाला चरबी पिऊन मऊ आणि गोडसर होतो आणि मांस तेवढंच हलकं होतं. जेवणाऱ्यांनी आधी पाला संपवला, तर जमलं समजा.

सामान

4 ते 6 माणसांसाठी, भाताबरोबर. मोठा चमचा 15 मिलीचा, छोटा 5 मिलीचा धरला आहे.

- पोटाचं पोर्क, कातडीसकट, एकाच तुकड्यात: 750 ग्रॅम
- मेइत्साय: अर्धओला असेल तर 150 ग्रॅम, कुरकुरीत वाळलेला असेल तर 70 ग्रॅम
- लाइट सोया सॉस: 2 मोठे चमचे, शिवाय पाल्यासाठी 1 छोटा
- डार्क सोया सॉस: कातडीला 1 मोठा चमचा, रसाला 1 छोटा
- शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी दारू): 3 मोठे चमचे
- खडीसाखर, कुटून: दीड मोठा चमचा, पाल्यासाठी आणखी 1
- पंचमसाला पूड: अर्धा छोटा चमचा
- पांढरी मिरपूड: पाव छोटा चमचा
- आल्याचे 6 काप, लसणाच्या 5 पाकळ्या, कांद्याच्या पातीच्या 2 काड्या
- कॉर्नफ्लोअर 1 छोटा चमचा, तळायला तेल
- मीठ: अजिबात नाही

मीठ नाही ही छपाईची चूक नव्हे. पाला मुळातच खारा आहे, वर दोन प्रकारचा सोया. यात चिमूटभर मीठ घातलं तरी पदार्थ हातचा जातो.

पोर्क घेताना कातडी आणि चरबी-मांसाचे पदर नीट बघून घ्या. चिनी भाषेत या भागाला 'पाच फुलांचं मांस' म्हणतात: कातडी, चरबी, मांस, पुन्हा चरबी, पुन्हा मांस. जाडी 4 ते 5 सेंटिमीटर असावी. गोव्यात आणि वसईकडे कातडीसकट पोर्क सहज मिळतं. सुपरमार्केटच्या गोठवलेल्या पाकिटात मात्र बहुतेकदा कातडी काढलेली असते, म्हणून आधी विचारा. कातडीवर केस राहिले असतील तर गॅसच्या ज्वाळेवर धरून जाळा आणि सुरीच्या उलट्या बाजूने खरवडा. कातडीशिवाय हा पदार्थ करू नये. काप वाफेत सुटे होतात आणि उपडं घातल्यावर दाखवण्यासारखं काही उरत नाही.

दोन सोया सॉसमध्ये गल्लत करू नका. लाइट पातळ आणि खारट असतो, चवीसाठी. डार्क दाट आणि गडद असतो, रंगासाठी. रंग यावा म्हणून डार्क वाढवला की काप काळे पडतात आणि मागे कडवट चव राहते. शाओशिंग वाइन नसेल तर ड्राय शेरी चालते. फेणी चालत नाही, तिचा वास पाल्यावर चढून बसतो. वाइन घालायचीच नसेल तर सोडून द्या आणि आलं दुप्पट करा.

पंचमसाल्यात चक्रीफूल, बडीशेप, लवंग, दालचिनी आणि सिचुआन मिरी असते. ही मिरी आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, दोन्ही एकाच वनस्पती-कुळीतल्या. म्हणून कोकणातल्या घरात पाटावरवंट्याला हा वास अगदीच परका नाही. पूड तयार न मिळाल्यास एक चक्रीफूल, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन लवंगा रसात अख्ख्या टाका आणि वाफवण्याआधी काढून घ्या. पण म्हणून गरम मसाला घालायला जाऊ नका. जिरं-धणं आलं की पदार्थाचा गाव बदलतो.

पाला: मिळवायचा कुठून, ओळखायचा कसा

सिंगापूर, हाँगकाँग किंवा अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत राहणाऱ्यांना चिनी वाणसामानाच्या दुकानात हा पाला सरसकट मिळतो. अडचण पाकिटावरच्या नावाची आहे. 'प्रिझर्व्ड मस्टर्ड' या एका नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात: तिखट लावलेले मोहरीचे गाठीदार देठ, पाण्यात बुडवलेला आंबट पाला, बारीक चिरलेलं सिचुआनचं लोणचं आणि आपल्याला हवा तो. आपल्याला हवा तो पाला तपकिरी किंवा सोनेरी असतो, अख्ख्या रोपाची जुडी वळून ठेवलेला, अर्धओला, बाहेर मिठाचे कण. ग्वांगदोंगमधलं ह्वीझौ शहर यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात खारा आणि गोडा असे दोन प्रकार येतात. पहिल्यांदा गोडा घ्या, चूक पोटात घालतो. च-ज्यांग प्रांतातल्या शाओशिंगकडचा पाला काळपट, बारीक चिरलेला आणि खडखडीत कोरडा असतो. तोही चालतो, फक्त माप निम्मं.

भारतात पाकीट मिळालं नाही तर दोन वाटा आहेत. एक गुंद्रुक: नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगकडे मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला आंबवून वाळवतात तो. हा आंबट असतो आणि त्यात मीठ नसतं. म्हणून तो 60 ग्रॅम घ्या, भिजवून दोन पाणी बदला, खडीसाखर एक चमचा वाढवा आणि लाइट सोया अर्धा चमचा जास्त घाला. चव मूळ पदार्थापेक्षा वेगळी येते, पण वाईट येत नाही.

दुसरी वाट घरच्या वाळवणाची. डिसेंबर-जानेवारीत बाजारात मोहरीचा पाला (भाजीवाले 'सरसों' म्हणतात) येतो तेव्हा 2 किलो घ्या. न धुता एक-दोन दिवस उन्हात दोरीवर टाका. देठ वाकवला तर मोडू नये, इतका मलूल झाला पाहिजे. मग धुवून निथळा, वजन करा आणि दर किलोला 60 ग्रॅम खडेमीठ लावून हाताने चोळा. पाणी सुटेपर्यंत चोळायचं, पीठ मळल्यासारखं. बरणीत दाबून भरा, वर वजन ठेवा. सुटलेल्या पाण्याखाली पाला पूर्ण बुडालेला असला पाहिजे, वर आलेल्या पानावर बुरशी धरते. आपल्याकडच्या हवेत 8 ते 10 दिवसांत पाला पिवळट होतो आणि त्याला लोणच्यासारखा आंबूस वास येतो. मग काढून 3-4 दिवस कडक उन्हात वाळवा. चामड्यासारखा लवचीक झाला की झालं. ग्वांगदोंगमधल्या मेइझौकडचे हक्का यापुढे जाऊन वाळलेला पाला वाफवतात आणि परत वाळवतात, असं तीनदा. प्रत्येक वेळी रंग गडद होतो आणि गोडी वाढते. एकदा केलं तरी फरक कळतो.

पाला धुणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पाला शेतातून सरळ उन्हात आणि मिठात गेलेला असतो, त्यामुळे पानाच्या प्रत्येक घडीत माती असते. जुडी पाण्यात बुचकळून काढली तर वरची निघते, आतली दाताखाली कचकच करते आणि दोन तासांची मेहनत पहिल्या घासाला फुकट जाते.

जुडी उलगडा. नळाखाली एकेक पान उघडून देठाच्या बेचक्यातून बोट फिरवा. मग भरपूर पाण्यात भिजत घाला: गोडा 30 मिनिटं, खारा दीड-दोन तास आणि मध्ये पाणी बदलून. भिजल्यावर पाला हातांनी उचलून घ्या. भांडं कलंडून चाळणीत ओतू नका, तळाला बसलेली रेती परत त्यावरच येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत असं 4-5 वेळा करा.

मिठाचा अंदाज घड्याळाने लागत नाही, जिभेने लागतो. देठाचा नखाएवढा तुकडा तोडून चावा. पहिल्या चाव्याला खारट आणि तिसऱ्या-चौथ्याला गोडसर लागला की पुरे. तोंड वेडंवाकडं झालं तर आणखी 20 मिनिटं. आणि पाणचट, गवतासारखा लागला तर जास्त भिजला, आता सोया अर्धा चमचा वाढवणं एवढंच हातात आहे.

पाला मुठीत घट्ट पिळा आणि अर्धा सेंटिमीटर चिरा. कोरड्या कढईत मध्यम आचेवर 3-4 मिनिटं परता. आधी वाफ निघेल, मग वाफ थांबून भाजलेल्या चहापत्तीसारखा वास येईल. तेव्हा 2 मोठे चमचे तेल, ठेचलेला लसूण, आल्याचे 2 काप बारीक करून, 1 चमचा खडीसाखर आणि 1 छोटा चमचा लाइट सोया घालून आणखी 3 मिनिटं परता. हे कोरडं भाजणं टाळलं तर पाल्यात अडकलेलं पाणी वाफेत सुटतं, रस पचपचीत होतो आणि चरबी शोषायला पाल्यात जागाच उरत नाही.

पोर्क: उकडणं, तळणं, भिजवणं

तुकडा अख्खा, गार पाण्यात ठेवा. सोबत आल्याचे 4 काप, पातीच्या काड्या आणि 1 चमचा वाइन. उकळी आली की वरचा करडा फेस काढून टाका आणि आच मंद करून 35 ते 40 मिनिटं शिजवा. कातडीत चॉपस्टिक किंवा तसलीच काडी फारसा जोर न लावता शिरली पाहिजे. शिरत नसेल तर आणखी 10 मिनिटं द्या, कारण कच्ची राहिलेली कातडी पुढे तेलात फुलत नाही, फक्त कडक होते. उकडलेलं पाणी फेकू नका.

तुकडा बाहेर काढून कापडाने टिपा आणि गरम असतानाच काट्याने कातडीभर बारीक भोकं पाडा. भोकं कातडीपुरतीच, चरबीत खोल नकोत. त्यावर डार्क सोया चोळा आणि पंख्याखाली अर्धा तास वाळू द्या. बोट लावल्यावर चिकट लागली पाहिजे, ओली नाही.

तळणीचा भाग थोडा धोक्याचा आहे, लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा. खोल कढईत दीड-दोन सेंटिमीटर तेल तापवा. पातीचा तुकडा टाकल्यावर लगेच वर येऊन फसफसला की तापलं. धूर येऊ देऊ नका. तुकडा लांब चिमट्याने, कातडी खाली करून अलगद सोडा आणि लगेच झाकण किंचित तिरपं ठेवून झाका. आत दिवाळीतल्या लवंगी फटाक्यांसारखी तडतड सुरू होते. कातडीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय, म्हणून हा आवाज. झाकण उचलून डोकावायचा मोह आवरा. झाकणाखाली साठलेले पाण्याचे थेंब तेलात पडले तर भडका उडू शकतो. तडतड मंदावली, साधारण 4-5 मिनिटांनी, की गॅस बारीक करून झाकण आडवंच बाजूला सरकवा. कातडी लालसर तपकिरी आणि बारीक फोडांनी भरलेली दिसेल. बाकीच्या बाजू प्रत्येकी मिनिटभर तळून घ्या.

आता तुकडा बाजूला ठेवलेल्या उकडीच्या पाण्यात, कातडी बुडेल असा, 20-30 मिनिटं ठेवा. तळताना कातडीत जी पोकळी झाली ती आता पाणी पिते आणि कातडीवर सुरकुत्या पडतात. चिनी आचारी याला वाघाची कातडी म्हणतात. नवखे हा टप्पा हमखास गाळतात, कारण छान कुरकुरीत झालेली कातडी पाण्यात घालायला मन होत नाही. पण कुरकुरीतपणा इथे नकोच आहे. ही कातडी रस धरून ठेवण्यासाठी आहे. न भिजवता वाफवली तर चिवट राहते.

सुरकुत्या पडल्या की तुकडा टिपून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम असताना कापलं तर चरबी निसटते आणि पदर सुटतात. गार झाल्यावर धारदार सुरीने 8 मिलिमीटर जाडीचे काप करा, प्रत्येक कापाला कातडीची कड यायला हवी. 5 मिलिमीटरपेक्षा पातळ काप वाफेत विरघळतात, सेंटिमीटरपेक्षा जाड असले तर रस आत पोचत नाही.

रचणं आणि वाफवणं

रसासाठी लाइट सोया 2 चमचे, डार्क 1 छोटा चमचा, वाइन 2 चमचे, खडीसाखर दीड चमचा, पंचमसाला, मिरपूड आणि गाळलेलं उकडीचं पाणी 100 मिली एकत्र करा. लाल आंबवलेल्या टोफूची बरणी मिळाली तर एक वडी कुस्करून घाला आणि लाइट सोया अर्धा चमचा कमी करा. काप या रसात 15 मिनिटं मुरू द्या.

वाडगा खोल आणि साधारण 18 सेंटिमीटर तोंडाचा घ्या. स्टील किंवा जाड चिनी मातीचा, साधी काच नको. काप कातडी खाली करून, कौलं चढवतात तसे एकावर एक थोडे चढवत लावा. रांगेतल्या फटी आणि कडा उरलेल्या तुकड्यांनी भरा. जागा सैल राहिली तर उपडं घालताना काप लोळतात. वर पाला पसरून हाताने दाबा आणि उरलेला रस ओता. रस मांसाच्या पातळीपर्यंतच यावा, पाला तरंगता कामा नये. तोंड फॉइलने बंद करा, नाहीतर झाकणावरचं पाणी आत टपकतं.

मोदकपात्र असेल तर वेगळ्या स्टीमरची गरज नाही. पाणी उकळलं की वाडगा ठेवा आणि मध्यम आचेवर पावणेदोन ते दोन तास वाफवा. दर अर्ध्या तासाने पाणी बघा, भर घालायची ती उकळत्या पाण्याचीच. गार पाणी ओतलं की वाफ बसते आणि तो वेळ मोजण्यात धरता येत नाही. कुकरमध्ये वरणभाताच्या डब्यासारखा वाडगा ठेवूनही होतं: 5 लिटरच्या कुकरमध्ये तळाला 3 पेले पाणी, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 40 मिनिटं आणि प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. कुकरमध्ये मांस तितकंच मऊ होतं, पण पाला जरा मागे राहतो, कारण चरबीला त्यात झिरपायला वेळ कमी मिळतो. वेळ असेल तर मोदकपात्रच बरं.

झालं की नाही हे बघायला कापाच्या मधोमध काडी टोचा. ती स्वतःच्या वजनाने खाली गेली पाहिजे. नुसतं 'शिरते' म्हणजे अजून अर्धा तास.

उपडं घालणं

दहा मिनिटं थांबा. वाडग्यावर ताटली दाबून धरा आणि वाडगा तिरका करून आधी सगळा रस कढल्यात काढून घ्या. रस न काढता उपडं घातलं तर तो मनगटावर येतो, आणि तो उकळता असतो. मग ताटली घट्ट धरून एका झटक्यात उलटा. लगेच उचलू नका. मिनिटभर तसंच ठेवून वाडगा सरळ वर घ्या.

रसावर तरंगणारी चरबी चमच्याने काढून टाका, चव बघा, खारट झाला असेल तर उकडीचं पाणी आणि चिमूटभर साखर घाला. कॉर्नफ्लोअर चमचाभर पाण्यात कालवून रसात घाला, मिनिटभर उकळून कापांवर ओता. चमच्याच्या पाठीला पातळ थर बसेल इतपतच दाट हवा. गाडीवरच्या मंच्युरियनसारखा गोळीबंद नको.

सोबत साधा भात. बासमती किंवा आंबेमोहोर घेतला तर दोन वास भांडतात, कोलम उत्तम. आणि तिखट-तेल न लावता नुसती वाफवलेली हिरवी भाजी: बोक चॉय, नाहीतर पालक. चीनमध्ये अर्ध्या चंद्रासारख्या दुमडलेल्या वाफवलेल्या पावातही हे काप भरून खातात.

पाला अजिबात मिळाला नाही तर दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीकडची पद्धत करा. तिथे लिपूच्या मोठ्या अळूकंदाचे काप तळून मांसाच्या कापांमध्ये एकाआड एक लावतात. आपल्या अळकुड्या यासाठी फार लहान आणि बुळबुळीत पडतात, मोठा कंदच शोधा. त्या पदार्थाला पाल्याचा खारेपणा नसतो, म्हणून लाइट सोया एक चमचा वाढवावा लागतो.

पाहुण्यांसाठी करायचं असेल तर आदल्या दिवशी वाफवून ठेवा. सोरपोतेल करणाऱ्यांना हे सांगायला नको, असले पदार्थ दुसऱ्या दिवशीच खुलतात. वाडगा झाकून फ्रिजमध्ये ठेवला की चरबी पांढरी होऊन वर जमते, ती सहज उचलता येते. मग खायच्या आधी 30 मिनिटं पुन्हा वाफवायचं आणि तेव्हाच उपडं घालायचं. फ्रिजमध्ये 3 दिवस टिकतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, कातडीचे फोड फुटून आतून भिंतीला चिकटतात. उचललेली चरबी टाकू नका, दुसऱ्या दिवशीच्या परतलेल्या भाताला चमचाभर पुरते.